दाण्यातल्या जस्ताचे पैसे कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रब्बीच्या तोंडावर झिंक सल्फेटबद्दलचा (जस्ताच्या खताबद्दलचा) सल्ला सगळीकडून मिळतो, पण तो बहुधा उताऱ्यापाशीच, म्हणजे पीक किती येते यापाशीच थांबतो. जस्त दिल्याने उतारा वाढतो हे खरेच आहे. मात्र तेच जस्त खाणाऱ्याच्या अंगी लागावे असे वाटत असेल, तर देण्याची वेळ आणि पद्धत बदलते, आणि खर्च कोणी सोसायचा हा प्रश्नही उभा राहतो. या दुसऱ्या बाजूची चर्चा होत नाही, म्हणून हे पत्र.

जुलाब झालेल्या मुलाला ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या, हे आता आशाताईंमुळे गावोगाव ठाऊक आहे. पण मुळात शरीरात जस्त कमी का पडते? २०१६–१८ च्या राष्ट्रीय बाल पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १९ टक्के मुलांत आणि १० ते १९ वयोगटातल्या ३२ टक्के मुलामुलींत जस्ताची कमतरता आढळली. ज्या घरात पोट मुख्यतः भाकरी, चपाती किंवा भातावर भरते, तिथे जस्त धान्यातूनच यावे लागते. आणि देशभरातून तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांत जस्त अपुरे आहे.

आपल्या काळ्या जमिनीत जस्त अजिबात नसते असे नाही. पण सामू (पीएच) आठच्या पुढे आणि वर चुनखडी, त्यामुळे ते मुळांना मिळत नाही. सामू एका अंकाने चढला की जस्ताची विद्राव्यता जवळपास शंभरपट उतरते. डीटीपीए पद्धतीने (पिकाला मिळू शकणारे जस्त मोजणाऱ्या) केलेल्या तपासणीत जस्त ०.६ पीपीएमपेक्षा (किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा) कमी आले तर जमिनीत कमतरता आहे असे समजतात. मृदा आरोग्य पत्रिकेत हा आकडा असतोच, फक्त तो पाहून कोणी खत घेत नाही. नमुना घेतानाची एक चूक मात्र सर्रास होते. माती जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत किंवा घमेल्यात गोळा केली तर भांड्याचेच जस्त नमुन्यात उतरते आणि अहवाल खोटा चांगला येतो. प्लॅस्टिकची बादली आणि लाकडी खुरपे वापरावे.

कमतरता असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्यावे. हे २१ टक्के जस्त असलेल्या हेप्टाहायड्रेटचे प्रमाण आहे. ३३ टक्क्यांचे मोनोहायड्रेट घेतले तर साडेसहा किलो पुरते. १० किलो खत १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ढीग करून चार-पाच दिवस मुरवावे आणि शेवटच्या कुळवणीपूर्वी पसरावे. उसासाठी हे प्रमाण हेक्टरी २० किलो (एकरी ८ किलो) आहे, तेही शेणखतात मुरवूनच. एकदा दिलेले जस्त दोन-तीन पिकांना पुरते. दर हंगामात ओतत राहिल्यास तांबे आणि लोहाच्या शोषणात अडथळा येतो.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो झिंक सल्फेट डीएपी या स्फुरदयुक्त खताबरोबर पाभरीच्या एकाच चाड्यातून पेरल्याने. स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त एकत्र आले की न विरघळणारे झिंक फॉस्फेट तयार होते, म्हणजे दोन्ही खतांचे नुकसान. फवारणीच्या टाकीत १२:६१:०० किंवा ००:५२:३४ या स्फुरदयुक्त विद्राव्य खतांबरोबर झिंक सल्फेट टाकले तरी हेच होते: तळाशी साका बसतो आणि नोझल तुंबते. ठिबकमधून द्यायचे असेल तर १२ टक्के जस्ताचे झिंक ईडीटीए (चिलेटेड जस्त) घ्यावे, आणि तेही स्फुरदयुक्त खताच्या पाळीला नको.

याच साक्याचा उपयोग भेसळ ओळखायला होतो. झिंक सल्फेटमध्ये दिसायला तसेच असणारे मॅग्नेशियम सल्फेट मिसळले जाते. एका पेल्यात डीएपीचे गाळलेले द्रावण घ्यायचे, दुसऱ्यात पिशवीतले खत विरघळवायचे आणि दोन्ही एकत्र करायची. खरे झिंक सल्फेट असेल तर दूध नासल्यासारखा पांढरा साका लगेच धरतो. नुसते मॅग्नेशियम सल्फेट असेल तर पाणी तसेच राहते. भेसळ थोडी असेल तर मात्र ही चाचणी फसते. तेव्हा पक्की पावती ठेवून नमुना खत तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ‘ग्रेड-२’ मिश्रणात जस्त अवघे ३ टक्के असते. ते फवारून जस्ताची गरज भागली असे मानणे चूक आहे.

इथवरचे सगळे उताऱ्यासाठी. दाण्यात जस्त भरायचे तर जमिनीतून दिलेले पुरत नाही. भारतासह सात देशांत गव्हावर झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. नुसते जमिनीतून दिल्यावर दाण्यातले जस्त सरासरी १२ टक्क्यांनीच वाढले. पानांवर फवारल्यावर मात्र ते किलोमागे २७ मिलिग्रॅमवरून ४८ मिलिग्रॅमवर गेले. दिवसाला ३०० ग्रॅम गहू खाणाऱ्याला पूर्वी ८ मिलिग्रॅम मिळत होते, ते १४ च्या वर गेले. प्रौढ पुरुषाची शिफारस केलेली दैनंदिन गरज १७ आणि स्त्रीची १३ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. धान्यातल्या फायटेटमुळे (जस्ताला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे) सगळे जस्त शोषले जात नाही, हे धरूनही हा फरक मोठा आहे.

ही फवारणी दोनदा करावी: गहू पोटरीत (ओंबी बाहेर पडण्याआधी) असताना आणि दाणे चिकात (कोवळे, दुधाळ) असताना. दर वेळी एकरी २०० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट आणि ५०० ग्रॅम चुना, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम आणि साधारण ३८ ग्रॅम. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवून वरची निवळी फडक्यातून गाळून घ्यावी. चुना टाळला तर आम्लधर्मी द्रावणाने पाने करपतात, आणि दोष खताला दिला जातो. उन्हं उतरल्यावर, वारा नसताना, पाने पूर्ण ओली होतील असे फवारावे. रोपे लहान असतानाच्या फवारणीने पिवळेपणा जातो, पण दाण्यात फारसे काही उतरत नाही. म्हणूनच ‘झिंक फवारले होते’ एवढ्या सांगण्याला अर्थ नाही, कधी फवारले ते विचारायला हवे.

भाताची गोष्ट वेगळी. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या भाताचा ‘खैरा’ हा रोग जस्ताच्या कमतरतेने होतो, हे डॉ. य. ल. नेने यांनी पंतनगरच्या कृषी विद्यापीठात १९६० च्या दशकात दाखवून दिले आणि साध्या झिंक सल्फेट-चुन्याच्या फवारणीने पीक वाचू लागले. पण भाताच्या दाण्यातल्या जस्ताचा काही भाग कोंड्यात आणि अंकुरात असतो, तो पॉलिश करताना जातो. मैद्याचेही तसेच. हातसडीचा तांदूळ आणि न चाळलेले पीठ यांना म्हणूनच महत्त्व आहे, आणि फायटेट कमी होते म्हणून मोड आणणे, आंबवणे यांनाही.

वाणांनीही मदत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी (शेवया-रव्याचा कठीण) गहू सुमारे ४० पीपीएम जस्ताचा आहे. ‘परभणी शक्ती’ ज्वारीत ३२ पीपीएम, जिथे नेहमीच्या ज्वारीत २० च्या आसपास असते. पण जमिनीतच उपलब्ध जस्त नसेल तर चांगला वाणही ते आणणार कुठून?

आता पैशाचा मुद्दा. चिकातल्या फवारणीने शेतकऱ्याच्या उताऱ्यात फारशी भर पडत नाही, तिचा फायदा खाणाऱ्याला होतो. बाजारात ४८ मिलिग्रॅमच्या गव्हाला २७ च्या गव्हापेक्षा पै जास्त मिळत नाही. जस्तयुक्त खतांना केंद्राकडून टनामागे ५०० रुपये जादा अनुदान आहे, पण ते जमिनीतून द्यायच्या खतांसाठी. फवारणीची मजुरी शेतकऱ्याच्याच खिशातून जाते. अंगणवाडी आणि शालेय पोषण आहारासाठी जे धान्य घेतले जाते, त्यातला काही भाग अशी फवारणी केलेल्या शेतकरी गटांकडून, दाण्यातले जस्त तपासून आणि फवारणीचा खर्च दरात धरून घ्यावा, अशी आमची कृषी आणि महिला व बालविकास खात्यांना विनंती आहे. सुरुवात एखाद्या तालुक्यापासून करता येईल.

तोवर प्रत्येक कुटुंबाला एवढे तरी जमेल: घरी खायच्या धान्यासाठी जो अर्धा एकर राखलेला असतो, तेवढ्यावर या दोन फवारण्या कराव्यात. दोन्ही मिळून एक किलो झिंक सल्फेट आणि अर्धा किलो चुना पुरतो.

आपले,
मृदाशास्त्राचे दोन निवृत्त अध्यापक