जखमी जवानाच्या कृत्रिम पायाची दुरुस्ती खान्देशातच व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारगिल विजय दिनानिमित्त जिल्ह्यात ठिकठिकाणी झालेल्या माजी सैनिकांच्या सत्कारांच्या बातम्या आपल्या अंकात वाचल्या. त्यातल्या एका फोटोत मीही आहे. फोटोत दिसत नाही ते असं, की त्या स्टेजला चार पायऱ्या होत्या, धरायला कठडा नव्हता आणि सगळ्यांची भाषणं संपेपर्यंत आम्हाला ओळीनं उभं ठेवलं होतं. माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. संयोजकांना ते ठाऊक होतं, त्यासाठीच तर बोलावलं होतं.

लोक प्रेमानं बोलावतात, त्यामुळे सत्काराबद्दल तक्रार करणं बरं दिसत नाही. घरात शालींची चळत लागली आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात इतक्या शालींचं काय करायचं, हे घरच्या मंडळींना उमगलेलं नाही, एवढंच. पण सत्कार करून मोकळं झालं की जखमी जवानाचं सगळं भागलं असं लोकांना वाटतं, त्याबद्दल लिहायचं आहे. "भो, तुले ते पेन्शन से, तुले काय टेन्शन?" हे पारावर हमखास ऐकायला मिळतं. पेन्शन आहे, अपंगत्वाचा वेगळा हिस्सा आहे, आणि दोन्ही वेळेवर जमा होतात. सरकारचे आभारच. पण रोजचं चालणं पेन्शनवर होत नाही.

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला, 1996 ची भरती. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2001 मध्ये फौज सीमेवर उभी राहिली, त्या ऑपरेशन पराक्रममध्ये आम्ही राजस्थानच्या सीमेवर सुरुंग पेरले. पुढच्या वर्षी फौज माघारी निघाली तेव्हा तेच सुरुंग उकरून काढायचं काम सॅपर्सकडेच आलं. वाळू वाऱ्यानं सरकते आणि तिच्याबरोबर सुरुंगही सरकतो. रेकॉर्डवर एक जागा, जमिनीत दुसरी. त्यातल्या एकावर माझा पाय पडला. आमच्या भागात लढाई झालीच नाही. हे गावात सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, त्याला पाकिस्तानी चौकी हवी असते. फौजेनं मला घरी धाडलं नाही. मेडिकल कॅटेगरी खाली आली, स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं आणि 2013 साली पेन्शन घेऊन मी चोपडा तालुक्यातल्या माझ्या गावी आलो.

पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, 1944 पासूनचं. माझा पाय तिथला. प्लास्टरचा साचा घेऊन सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कडक खोळ, बनवतात, दोन दांड्यांमध्ये धरून चालायला शिकवतात. वॉर्डात सगळेच आपल्यासारखे, त्यामुळे कुणी कुणाच्या पायाकडं बघत नाही. तिथल्या कारागिरांबद्दल माझी अक्षराचीही तक्रार नाही. अडचण आहे ती पुणं आणि चोपडा यांच्यामधल्या अंतराची.

ज्यांनी असा पाय जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उरलेल्या पायाला आम्ही स्टंप म्हणतो. त्यावर आधी सिलिकॉनचं लायनर, म्हणजे मऊ आवरण, चढतं, वर मोजा, मग स्टंप सॉकेटमध्ये बसतो. स्टंपचं माप दिवसभर एकच राहत नाही. सकाळी भरलेला असतो, दुपारपर्यंत उतरतो, सॉकेट खेळायला लागतं आणि आम्ही आणखी एक मोजा चढवतो. माणसाचं वजन थोडं घटलं-वाढलं तरी माप चुकतं. उन्हाळ्यात लायनरमध्ये घाम साचतो. मग कुठंतरी आडोशाला बसायचं, पाय काढायचा, लायनर उलटं करून पुसायचं, कोरडं झालं की परत चढवायचं. बाजारात, लग्नात, एसटी स्टँडवर, जिथं असाल तिथं. आळस केला की कातडी सोलवटते, आणि एकदा सोलवटली की ती भरेपर्यंत पाय भिंतीला टेकवून ठेवायचा आणि कुबड्या घ्यायच्या. पंजा ठरावीक उंचीच्या टाचेसाठी बसवलेला असतो. टाच जरा कमी-जास्त झाली की गुडघा पुढं ढकलला जातो, म्हणून बारा महिने तोच बूट. त्यात आमची काळी माती. पावसाळ्यात तुमचा बूट चिखलात रुतला तर तुम्ही बूट उपसता. सॉकेट सैल असेल तर माझा अख्खा पायच बुटासकट चिखलात राहतो आणि मी एका पायावर केळीच्या खोडाला धरून उभा.

आता यात बिघडतं काय? लायनर फाटतं, त्याला सॉकेटमध्ये अडकवणाऱ्या लॉकची पिन झिजते, सॉकेट सैल होतं. जाणत्या माणसाच्या हातात अर्ध्या दिवसाचं काम. त्यासाठी आधी रेफरल, म्हणजे पुण्याला पाठवण्याची चिठ्ठी, घ्यायचा, मग तारखेची वाट बघायची, मग चोपड्याहून एसटीनं जळगाव आणि तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसनं रात्रभर पुण्याला. हा सगळा प्रवास त्याच बिघडलेल्या पायावर. साहजिकच लोक जात नाहीत. यावलकडचा एक हवालदार सॉकेटमध्ये जुन्या बनियनचे तुकडे कोंबून चालतो. शिरपूरकडच्या एकानं पाय माळ्यावर टाकला आणि कुबड्या धरल्या, गड्यानं अजून चाळिशीही गाठलेली नाही. सातारा-सांगलीकडं घरटी फौजी आहेत, आपशिंग्यासारखी मिलिटरीच्या नावानं ओळखली जाणारी गावं आहेत, पुणंही हाकेच्या अंतरावर. खान्देशात आम्ही विखुरलेले, एका गावात एक, दोन गावं सोडून दुसरा. त्यामुळे आमची गर्दी कुठं दिसत नाही.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. केळीच्या पट्ट्यात व्होल्टेज पडलं की सबमर्सिबल जळतात. शेतकरी सकाळी मोटर टाकतो आणि दुसऱ्या दिवशी दारात हजर, कारण मे महिन्यात पाणी तुटलं की बाग माना टाकते. विहिरीतली मोटर तालुक्यातच दुरुस्त होते, पायाच्या पिनेला मात्र चारशे किलोमीटर जावं लागतं.

हे रिवाइंडिंग मी फौजेत शिकलो नाही. निघताना जो कोर्स मिळाला तो सिक्युरिटी सुपरवायझरचा. माजी सैनिक म्हटलं की समाजाला गेटवरचा गार्डच आठवतो. बारा तास उभं राहायची नोकरी पाय गेलेल्या माणसानं कशी करावी? एमआयडीसीत एका कंपनीनं ठेवूनही घेतलं होतं, स्टंपनं महिनाभरात जबाब दिला. शेवटी एका मिस्तरीच्या हाताखाली बसलो. तांब्याची तार स्लॉटमध्ये बसवायची, वेढे मोजायचे, वार्निश द्यायचं, सगळं बसून आणि सगळं हातानं. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी शिपायांसाठी 1917 साली सुरू झालेली ही संस्था अपंग जवानांना हुन्नर शिकवते, मोठं काम आहे. पण ज्याचे आईवडील थकलेत, चार बिघे जमीन आहे, ज्याला गावातच राहायचं आहे, त्याला गावात चालणारा धंदा हवा. मोटर, ठिबकची दुरुस्ती, सेवा केंद्र, असं काहीतरी. ते इथल्या आयटीआयमध्ये शिकवता येईल, पुण्याचं वसतिगृह त्याला लागत नाही.

सरकारी नोकरीचं थोडक्यात. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, 2016 च्या कायद्यानं दिव्यांगांना 4 टक्के आहे. पण लष्कराच्या मेडिकल बोर्डाचा कागद माझ्या दिव्यांग कार्डाला चालला नाही. एका सरकारी दवाखान्यातल्या बोर्डापुढं परत पाय काढून दाखवावा लागला. तिथं मला विचारलं, "हे कायमचं आहे का?" मी हो म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.

अलीकडं आम्हाला मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण फार दिलं जातं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला हा आपल्या सांगली जिल्ह्यातला माणूस 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. त्यांना माझा सॅल्यूट आहे. पण त्यांनाही पुण्यात टेल्कोत नोकरी होती, पदकावर चूल पेटत नाही. शिवाय प्रत्येक पाय गेलेल्यानं पदकच आणावं असा काही नियम नाही. कुणाला नुसतं शेताच्या बांधापर्यंत चालत जायचं असतं.

आणखी एक गोष्ट मनाला खाते. आमच्याकडं पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसतात, अग्निवीरची तयारी. माझ्या दुकानावरून जाताना हात करतात. 2022 पासूनच्या या योजनेत चार वर्षांची नोकरी आहे. सेवेमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणे 44, 25 किंवा 15 लाख एकरकमी मिळतात, पेन्शन नाही. पंधरा लाखांत घर बांधून होतं, बहिणीचं लग्न होतं. पण बाविसाव्या वर्षी पाय गेलेल्या पोराला पुढं चाळीस वर्षं दर काही वर्षांनी नवं सॉकेट लागणार आहे. ते पैसे तेव्हा कुठं असतील? या पोरांना भरतीपासून परावृत्त करावं असं मी म्हणत नाही, मी स्वतः परत गेलो असतो. पण त्यांच्या आईबापांना हा हिशेब कुणीतरी आधी सांगायला हवा.

मागणी मोठी नाही. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत, जळगाव, धुळे आणि नंदुरबारला, आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. केंद्राची जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रांची योजना आहे, तिच्यात कृत्रिम अवयव बसवण्याचं काम धरलेलंच आहे. पुण्याच्या केंद्राचे दोन-तीन तंत्रज्ञ वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर, यातल्या एखाद्या ठिकाणी आठवडाभर बसले तर निम्मे पाय माळ्यावरून खाली येतील. जमलं तर इथल्याच दोन पोरांना पिन, लायनर आणि पट्टे बदलायला शिकवून जावं. सॉकेट नवं करायचं असेल तरच पुणे. पाय कुणाला लागतो, त्या जवानांच्या नोंदी सैनिक कल्याण कार्यालयात असतातच. त्या फक्त सत्काराच्या आदल्या दिवशी बाहेर निघू नयेत.

7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. दरवर्षीप्रमाणे निधी संकलन सुरू होईल, भाषणं होतील, उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या कार्यालयांचं कौतुक होईल. यंदा त्याच कार्यक्रमात जिल्हाधिकारी साहेबांनी पहिल्या दुरुस्ती शिबिराची तारीख जाहीर करावी. चोपडा, यावल, शिरपूर भागातल्या आम्हा लोकांना जमवायचं काम मी करीन. जागेची अडचण असेल तर माझ्या दुकानामागची शेड रिकामी आहे. थ्री फेजची लाइन आहे, सॉकेट घासायला ग्राइंडर चालेल.

आपला,
एक माजी सॅपर, ता. चोपडा, जि. जळगाव
(नाव आपल्याकडे कळवले आहे, कृपया छापू नये.)