तात्या, ते जांभळे टोमॅटो अखेर लागले

तात्या, सा. न. वि. वि.

तुमचा नातू म्हणाला, आजोबा मोबाईलवर सगळं वाचतात, फक्त उत्तर देत नाहीत. म्हणून हे इथंच, चारचौघांत लिहिते. बेळगावात अनगोळला आणि खानापूर रस्त्याला माझ्यासारख्या आणखी चार खुळ्या असतील, त्यांच्याही कामी येईल.

भाच्यानं अमेरिकेतून चेरोकी पर्पल टोमॅटोचं बी पाठवलं होतं. टेनेसीतलं जुनं घरगुती वाण. 1990 मध्ये अमेरिकेतल्याच एका बागप्रेमीला टपालानं बी आलं, त्यानं त्याला हे नाव दिलं. फळ जांभळट तपकिरी, देठाशी हिरवी छटा. पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीत पेरलं. एप्रिलात झाड फुलांनी भरलं आणि एकेक फूल देठाच्या सांध्यावर पिवळं पडून गळालं. ऊन 35 अंशांच्या वर गेलं की पराग निकामी होतो, फूल धरत नाही, हे तेव्हा कुठं ठाऊक! मी आपली पाणी वाढवत राहिले.

पुढच्या वर्षी जूनमध्ये लावलं. कमरेएवढी हिरवीगार झाडं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी सावरायची. चौथ्या दिवशी सावरेनात. पान पिवळं नाही, डाग नाही. औषधाच्या दुकानातून तीन बाटल्या आणून फवारल्या. दुकानदाराचं भलं झालं.

मग मेलेलं झाड पिशवीत घालून कडोलीला तुमच्या रोपवाटिकेत आले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. बुडापासून चार बोटं खोड कापलंत, चहाचा काचेचा ग्लास पाण्यानं भरलात आणि खोडाचं कापलेलं टोक त्यात धरून बसलात. दोनेक मिनिटांत टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली सुटला. ‘‘बघ गे. हे जिवाणू. मर रोग. तुझ्या मातीत बसलाय, वरनं काय मारतीस?’’ तात्या, दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते. त्या ग्लासानं ते ओझं उतरलं. आज पत्र लिहायचं खरं कारण तेच.

‘‘अर्का रक्षक लाव आणि गप बस,’’ असंही म्हणालात. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा टोमॅटोचा संकर आहे, मर, पानं आकसवणारा पर्णगुच्छ आणि करपा तिन्हींना तोंड देणारा. पण संकराचं बी धरलं तर पुढच्या पिढीत तेच फळ येत नाही, आणि मला बी धरायचंच होतं. तुम्ही कपाळाला हात लावलात, पण कलम शिकवलंत: बूड वांग्याचं, वर शेंडा माझ्या टोमॅटोचा.

मर सोसणाऱ्या वांग्याचं बी तुम्हीच दिलंत. वांगं सावकाश वाढतं म्हणून ते आधी पेरायचं, टोमॅटो काही दिवसांनी. दोन्ही खोडं काडीएवढी जाड झाली की ब्लेडनं तिरका काप, आणि सांध्यावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा. मग ओलसर, सावलीच्या झाकलेल्या डब्यात आठवडाभर. मी पहिली बारा कलमं केली, त्यातली चार जगली. मी रडकुंडीला आले तर तुम्ही म्हणालात, ‘‘चार? बरी हायत की!’’

मोठी चूक त्यानंतरची. टोमॅटो खोल लावावा, खोडाला मुळ्या फुटतात, हे आईनं शिकवलेलं. तसंच मी कलमही सांध्यापर्यंत पुरलं. तुम्ही अंगणात पाऊल टाकताच ओरडलात. सांधा मातीत गेला की टोमॅटो स्वतःच्या मुळ्या सोडतो, आणि त्या पुन्हा त्याच रोगट मातीत. वांग्याचं बूड मग कशाला? चारही रोपं उकरून सांधा चार बोटं वर ठेवलात. खालून फुटणारे वांग्याचे फुटवे मी दर रविवारी मोडत राहिले.

पाऊस ओसरल्यावर लावलेली ती झाडं उभी राहिली. थंडीत फुलं धरली. जानेवारीत पहिलं फळ तोडलं, वजन केलं तर 280 ग्रॅम. तुमच्यापुढं मीठ लावून काप ठेवले. तुम्ही सावकाश चघळलंत आणि म्हणालात, ‘‘गोड हाय. आमटीला काय उपयोगाचा न्हाई.’’ आमच्या घरी अजून कुणी टोमॅटो कापला की हेच वाक्य ऐकू येतं.

बी गरासकट तीन दिवस आंबवून धुतलं, सावलीत वाळवलं. एक पुडी तुमच्या नावानं ठेवलीय. कलम केलं तरी फळातलं बी टोमॅटोचंच, म्हणून यंदा पुन्हा वांग्याची रोपं लागतील. वीस हवीत. मागच्या खेपेला पैसे घेतले नव्हते, या खेपेला घेतले नाहीत तर मी रोपं तिथंच ठेवून येईन.

तुमची,
अनगोळची ती खुळी