येनचा भाव आणि आईचे गुडघे

नागोया,
7 जुलै 2024

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी हे सांगून टाकते. शुक्रवारी मी 10 लाख येन पाठवले. बुधवारपर्यंत तुमच्या खात्यात 5 लाख 20 हजारांच्या आसपास जमा होतील. डॉक्टरांशी बोलून आईच्या ऑपरेशनची तारीखही पक्की केलीय, 29 जुलै, सोमवार. तुम्हाला न विचारता केलं, रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा म्हणाला असता, "थांब गं, येन पडलाय."

येनच्या भावाची तुमची वही मला इथूनही दिसते. 2012च्या सप्टेंबरात पहिल्यांदा 1 लाख येन पाठवले, त्याचे जवळपास 70 हजार आले होते. तो आकडा तुम्ही लाल शाईने चौकटीत लिहिलाय. आज त्याच लाखाचे 52 हजार. म्हणजे या पैशांत 1 लाख 80 हजारांचा फरक, आणि तो तुम्हाला सलतो, कारण ते लेकीच्या कष्टाचे आहेत. कळतं मला. पण बाबा, तेव्हाचा येनच फार चढलेला होता. डॉलरला 78 येन पडायचे, आता 161 पडतात. आपला रुपयाही घसरलाच की, 54-55चा डॉलर साडेत्र्याऐंशीला गेला. फक्त येन त्याहून जोरात घसरला. इथे व्याज जवळजवळ शून्य आणि अमेरिकेत सव्वापाच टक्क्यांच्या वर, मग पैसा तिकडेच जाणार. मार्चमध्ये बँक ऑफ जपानने 17 वर्षांनी व्याजदर वाढवला, तेव्हा आपण दोघंही फोनवर किती खूश झालो होतो! एप्रिल संपता संपता येन आणखी खाली. सरकारने तो सावरायला महिन्याभरात 9 लाख 79 हजार कोटी येन खर्च केले, आणि आज भाव पुन्हा तिथेच. त्या चौकटीतल्या आकड्याची वाट बघत आईला किती दिवस बसवायचं?

2022च्या दिवाळीत मी विषय काढला होता. तेव्हा लाख येनला 56 हजार मिळत होते. तुम्ही म्हणालात, 60 होऊ दे. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आजोबांची गोष्ट तुम्हीच सांगायचात ना, 6 जून 1966ला पावणेपाच रुपयांचा डॉलर एका दिवसात साडेसातला गेला आणि आजोबा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये त्याच कागदाच्या त्याच नोटा मोजत होते. त्यांच्या हातात होतं का काही?

गेल्या दिवाळीत आई दुधाची पिशवी आणायला खाली उतरली, तेव्हा मी वरून बघत होते. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग कठडा धरून थांबायचं. वळणावरचा कठड्याचा हिरवा रंग तिच्या हाताने घासून गेलाय, खालचं लोखंड दिसतं. मला कडेवर घेऊन जेल रोडवरून मुक्तिधामच्या देवळापर्यंत चालत जाणारी आई ती. आई, तेव्हा माझ्या चपलाही तूच हातात धरायचीस. मी हाक मारली तर म्हणालीस, "काही नाही गं, जरा पाय अवघडला." त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी काळजी करू नका. पगार येनमध्ये, भाडं येनमध्ये, तांदूळ-भाजी येनमध्ये. रुपयाशी भाव पडला म्हणून माझ्या ताटातलं काही कमी होत नाही. तूरडाळ तेवढी महागलीय, तर मुगावर भागवते. हे पैसे बाजूला ठेवलेलेच होते. कर्ज काढलेलं नाही, बाबा, शपथ.

आता नीट ऐका. 24 तारखेला मी येतेय, तीन आठवडे राहीन. त्याआधी रक्त आणि छातीचा फोटो करून घ्या. शुगरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आठवणीने सांगा. ऑपरेशनच्या आधी त्या बदलतात. मावशीला उपनगरहून बोलावून घ्या, तिची खोली मी आल्यावर लावते. कमोडची उंच सीट आणि वॉकर घ्या, त्यात काटकसर नको. आई, श्रावण 5 ऑगस्टला लागतोय. यंदा सोमवार नाही धरायचे. महादेवाला मी सांगेन. पापडाचं पीठ, लोणच्याची बरणी, काही उचलायचं नाही.

बाबा, लहानपणी तुम्ही दहाची नोट खिडकीशी धरून मला कागदातला वॉटरमार्क दाखवायचात. मी तुमच्या मांडीवर चढून एक डोळा मिटून बघायचे. वहीत आजच्या तारखेपुढे 52 लिहा, आणि त्याच्या पुढे आईच्या रक्त तपासणीची वेळ. ती सकाळी उपाशीपोटी असते, चहासुद्धा नाही.

तुमची,
सोनू