ओटीपी मी दिला, भुर्दंड गिऱ्हाइकाला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हंगाम संपला, कलमांना खत घालून झालं, आता लिहायला बसलोय. खरं तर एप्रिलमध्येच लिहायला हवं होतं, पण तेव्हा लाज वाटत होती.

देवगड तालुक्यात माझी हापूसची बाग आहे. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पेट्या सांगतात, पैसे आगाऊ टाकतात. एका दुपारी मी शिडीवर होतो, हातात आंबे उतरवायचा झेला, चष्मा खाली पिशवीत. कुरिअरवाल्याचा फोन आला. फवारणीच्या पंपाचा नोझल मी मागवलाच होता, त्यामुळे संशय यायचं काही कारण नव्हतं. "काका, मेसेजमध्ये सहा आकडे आलेत, तेवढे सांगा, पार्सल सोडतो." गड्याने आकडे वाचून दाखवले, मी ते खणखणीत आवाजात सांगितले. हा कोड कुणाला देऊ नका, असं त्याच मेसेजमध्ये इंग्रजीत लिहिलं होतं. ते मी संध्याकाळी चष्मा लावून वाचलं.

ते आकडे पार्सलचे नव्हतेच, माझ्या व्हॉट्सॲपचा ओटीपी होता. तो घालून चोराने माझं खातं त्याच्या फोनवर उघडलं, आणि तोवर माझं व्हॉट्सॲप बंद पडलं होतं. पुतणीचा फोन आला, "काका, तुम्ही खरंच पैसे मागताय?" ग्रुपवर माझ्याच नावाने निरोप गेला होता: पेट्या तयार आहेत, जुन्या नंबरवर पैसे जात नाहीत, या नव्यावर टाका.

पुतणीला म्हटलं, सकाळी बघू. घरात कुणाला काही बोललो नाही. साठी उलटलेल्या माणसाने एवढा बावळटपणा केला, हे सांगायचं कुणाला? आमच्या वाडीत रात्री चोर शिरला तर घरवाला असा बोंबलतो की शेजारच्या वाडीतली माणसं काठ्या घेऊन धावत येतात. इथे चोर माझ्या तोंडाने बोलत होता आणि मी पांघरूण घेऊन गप्प पडलो होतो. त्या रात्री दोघांनी पैसे टाकले.

डोंबिवलीच्या बाईंना तासाभरात शंका आली. त्यांनी १९३० या हेल्पलाइनला फोन करून व्यवहाराचा क्रमांक दिला आणि रक्कम समोरच्या खात्यातच अडकली. पुण्याच्या गृहस्थांना मात्र पेटी आली नाही म्हणून दोन दिवसांनी कळलं. तोवर पैसे तिसऱ्या-चौथ्या खात्यात. त्यांची पेटी मी माझ्या खर्चाने पाठवली, पण माणूस पुढच्या वर्षी परत येईल की नाही, देव जाणे.

आणि चोराला हाकलायला लागली जेमतेम पाच मिनिटं! पुतणीने सांगितलं तसं केलं. ॲप काढून पुन्हा टाकलं, आपलाच नंबर घातला, एसएमएसने आलेला कोड भरला. तो भरला की चोर आपोआप बाहेर पडतो. फक्त त्याने मध्ये स्वतःचा सहा आकडी पिन बसवून ठेवला होता, म्हणून माझं खातं उघडायला सात दिवस थांबावं लागलं, तेही ऐन हंगामात. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' म्हणतात तो हाच पिन. जो मी आधीच बसवायचा, तो चोराने बसवला.

पोलीस चौकीत विचारलं गेलं, "पैसे तुमचे गेले नाहीत ना? मग तक्रार कसली?" माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ६६ डी नेमकं यासाठीच आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन मोबाइलवरून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सोंग माझं घेतलं होतं, तर तक्रार माझी नाही कशी? शेवटी केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर पुतणीनेच ती नोंदवून दिली.

तिने मग माझं जीमेलही तपासलं. ते खातं मोबाइलच्या दुकानदाराने उघडून दिलेलं. पासवर्ड म्हणजे माझं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. रिकव्हरीचा नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला तर ज्यावर कोड येतो तो, त्या दुकानदाराचा! माणूस भला आहे, पण माझ्या घराची किल्ली त्याच्या खिशात आहे, हे मला चार वर्षं ठाऊक नव्हतं.

आता गणपतीला चाकरमानी येतील. माझी त्यांना विनंती आहे, आरती झाली की घरातल्या म्हाताऱ्यांचे फोन हातात घ्या, पिन त्यांच्याकडूनच घालून घ्या आणि रिकव्हरीला कुणाचा नंबर आहे तो बघा. आमच्या वाडीत आणखी दोघांचा त्याच दुकानदाराचा निघाला.

आपला,
एक आंबा बागायतदार, ता. देवगड