बुक क्लबातल्या त्या ताईंचे आणि दादांचे मनापासून आभार

आमच्या लायब्ररीच्या बुक क्लबात यावेळी ड्रॅक्युला घेतली होती, ब्रॅम स्टोकरची 1897 सालची कादंबरी, आणि नेमकं तेव्हाच माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वाचन एकदम बंद. ग्रुपवर कळवलं की मला जमणार नाही, फार वाईट वाटत होतं. तर संध्याकाळी एका ताईंचे व्हॉइस मेसेज यायला लागले, रोज थोडं थोडं स्वतः वाचून! नाव विचारलं तर हसून टाळलं. ही कादंबरी सगळी डायऱ्या, पत्रं, तारा यांतून सांगितलीय, नुसतं ऐकताना कोण बोलतंय तेच कळत नाही, म्हणून त्या प्रत्येक तुकड्याआधी थांबून सांगायच्या, "आता मीनाची डायरी बरं का", आणि तारीख. मागे कुकरची शिट्टी झाली की तेवढं वाक्य परत वाचायच्या. एवढं कोण करतं हो? मीटिंगच्या दिवशी एक दादा सात रस्त्यापासून रिक्षाने घेऊन गेले, पैसे घेतलेच नाहीत. कादंबरीतली मीना सगळ्यांचे कागद टाईप करून तारखेप्रमाणे लावते म्हणून काउंट ड्रॅक्युलाचा माग लागतो, हे मी तिथे बोलू शकले ते तुमच्यामुळेच. ताई, दादा, पुढच्या मीटिंगनंतर लगेच जाऊ नका, घरची शेंगाचटणी आणतेय तुमच्यासाठी.