नुसते क्लास लिहिले म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड होत नाही

संपादक महोदय,

प्रोग्रामिंग भाषांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. मराठीत असं काही छापून येतंय याचा मनापासून आनंद झाला, पण एक वाक्य खटकलं म्हणून लिहितोय. एन्कॅप्सुलेशन (डेटा आत झाकून ठेवणं), ॲब्स्ट्रॅक्शन (नको तो तपशील लपवणं), इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने घेणं) आणि पॉलिमॉर्फिझम (एकाच हाकेला प्रत्येक ऑब्जेक्टने आपापल्या परीने उत्तर देणं) हे चार असले की भाषा ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे डेटा आणि त्यावरचं काम एकत्र बांधलेल्या ऑब्जेक्टवर उभी, असं त्यात म्हटलंय. परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळतात, मलाही मिळालेत, पण बरीच वर्षं कोड लिहिल्यावर माझं ठाम मत झालंय की ही यादी पाठ करण्याच्या नादात मूळ गोष्टच राहून जाते.

क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) आणि इनहेरिटन्स आले नॉर्वेतून, डाल आणि न्यूगोर यांच्या सिम्युला 67 या भाषेतून. पण ऑब्जेक्ट ओरिएंटेड हा शब्द संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांचा, आणि त्यांनीच पुढे स्पष्ट सांगितलं की खरा मुद्दा ऑब्जेक्ट नाहीच, मेसेज आहे. म्हणजे मी ऑब्जेक्टला फक्त निरोप द्यायचा, तो कसा पार पाडायचा हे त्याचं त्याने बघायचं, त्याच्या पोटातल्या डेटाला मी हात लावायचा नाही, आणि नेमकी कुठली मेथड (ऑब्जेक्टमधला ते काम करणारा कोड) चालणार हे प्रोग्राम चालू असताना ठरणार.

के आणि त्यांच्या टीमने झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात स्मॉलटॉक ही भाषा बनवली त्यात हे शेवटपर्यंत पाळलंय. 3 + 4 लिहिलं की 3 या ऑब्जेक्टला + हा मेसेज जातो, सोबत 4. आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे तिथे इफ (अट घालणारा 'जर') हा भाषेचा कीवर्ड, म्हणजे राखीव शब्दच नाही! ट्रू (खरं) आणि फॉल्स (खोटं) हे दोन ऑब्जेक्ट आहेत, दोघांना एकच मेसेज जातो, सोबत कोडचे दोन तुकडे, ट्रू पहिला तुकडा चालवतो, फॉल्स दुसरा. बस. अट तपासणारं तिसरं कोणी लागतच नाही, पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय ते मला खरं तर इथे कळलं.

आता जावा बघा. इंट (पूर्णांक) सारखे आठ प्रिमिटिव्ह, म्हणजे साधे मूळ टाइप हे ऑब्जेक्ट नाहीत, म्हणून इंटचा इंटिजर हा ऑब्जेक्ट करावा लागतो आणि मग गंमत बघा, दोन इंटिजर व्हेरिएबलमध्ये 127 टाकून == ने तुलना केली तर ट्रू येतं, 128 टाकलं की फॉल्स, कारण -128 ते 127 चे ऑब्जेक्ट जावा आधीच बनवून ठेवते आणि == आकडा बघतच नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं. नवीन मुलं इथे हमखास अडकतात. सी++ मध्ये मेथडपुढे व्हर्च्युअल हा शब्द लिहायचा राहिला तर कुठली मेथड चालणार ते कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्राम चालू होण्याआधीच, ठरून जातं. आणि जावास्क्रिप्टमध्ये क्लास हा शब्द आला 2015 ला, त्याआधी ती प्रोटोटाइपवर, म्हणजे आधीच्या एखाद्या ऑब्जेक्टच्या आधाराने, ऑब्जेक्ट बनवतच होती की, मग क्लास नव्हता म्हणून ती ऑब्जेक्ट ओरिएंटेड नव्हती असं म्हणायचं का?

या भाषा वाईट आहेत असं मी म्हणत नाही, माझं पोट जावावरच चालतं. पण चार शब्दांच्या यादीचा तोटा मी स्वतः भोगलाय. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक क्लासमध्ये सगळे फील्ड (आतला डेटा) प्रायव्हेट आणि प्रत्येक फील्डला गेटर-सेटर (तो बाहेरून वाचायच्या-बदलायच्या मेथड), कागदावर एन्कॅप्सुलेशन एकदम चोख, पण सवलत किती द्यायची हे ग्राहकाच्या ऑब्जेक्टला कोणी विचारतच नव्हतं, बाहेरून त्याचा टाइप काढून घ्यायचा आणि इफ-एल्सची शिडी लावायची, तीही जागोजागी. ग्राहकाचा एक नवीन प्रकार आला, मी सगळीकडे बदल केले असं मला वाटलं, एक जागा राहिली आणि कित्येक दिवस बिलं चुकीची गेली. सवलत सांग एवढा एक मेसेज असता तर नवीन क्लास लिहून काम संपलं असतं.

म्हणून विनंती आहे की पुढच्या लेखात मेसेजबद्दल जरूर लिहा. स्मॉलटॉकच्याच घराण्यातली फारो ही भाषा फुकट मिळते, त्यात ट्रू नावाचा क्लास उघडला की इफची ती मेथड समोर दिसते, कॉमेंट सोडली तर आत एकच ओळ आहे, तेवढी ओळ चित्रासकट छापली तरी मुलांना खूप काही कळेल.

आपला,
एक नियमित वाचक