खारं पाणी गोडं करणारा पडदा पाण्यात फुगतो, तेही छापा

संपादक महोदय, नमस्कार.

ग्रॅफीनच्या पडद्यातून समुद्राचं पाणी गाळलं की गोडं पाणी मिळणार, अशा अर्थाची बातमी दर काही महिन्यांनी पेपरात येते. मी गेली चार वर्षं प्रयोगशाळेत हेच पडदे बनवते, त्यामुळे बातमी आली रे आली की घरचे लोक तिचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि विचारतात, मग आता झालं ना तुमचं काम? नाही झालं. आणि का नाही झालं तेच नेमकं बातमीत नसतं, म्हणून हे पत्र.

पडदा बनतो कसा ते आधी सांगते. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक रचलेले थर, त्यातला एक सुटा थर म्हणजे ग्रॅफीन. ग्रॅफाइटची पूड बर्फात ठेवलेल्या सल्फ्युरिक अॅसिडमध्ये टाकायची आणि त्यात पोटॅशियम परमँगनेट अगदी थोडं थोडं घालत जायचं, घाई केली आणि तापमान चढलं तर त्यात तयार होणारं मँगनीजचं ऑक्साइड स्फोट करू शकतं, म्हणून थर्मामीटरवरून नजर हलवायची नाही. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की काळपट तपकिरी लगदा बघता बघता पिवळाधमक होतो, चार वर्षं झाली तरी मी ते बघायला थांबतेच. ही हमर्सची १९५८ सालची पद्धत, थोडेफार बदल करून अजून बहुतेक ठिकाणी हीच चालते. मग अॅसिड जाईपर्यंत धुवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, परत धुवायचं, आणि जसजसं अॅसिड जातं तसतसा तो लगदा जेलीसारखा होत जातो आणि खाली बसायचं नाव घेत नाही, त्यात दिवसच्या दिवस जातात. नंतर थर सुटे करून ते पाणी व्हॅक्यूम लावून बारीक छिद्रांच्या फिल्टरवर ओतायचं. पाणी खाली जातं, ग्रॅफीन ऑक्साइडचे, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेल्या ग्रॅफीनचे, थर वर आडवे बसत जातात, झाडाखाली पानांवर पानं पडतात तसे. १०० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीच्या पडद्यात असे सव्वाशेच्या आसपास थर असतात, आणि पाण्याने त्यांच्या मधल्या फटींतून नागमोडी वाट काढत पलीकडे जायचं असतं.

आता खरी गोम त्या फटीत आहे. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या राहुल नायर, आंद्रे गाइम वगैरे मंडळींनी दाखवलं की कोरड्या पडद्यातून हेलियमसारखा वायूसुद्धा जात नाही पण पाण्याची वाफ आरामात जाते, तेव्हापासून सगळ्यांच्या आशा वाढल्या आणि त्या वाढणं बरोबरच होतं. पण तोच पडदा पाण्यात बुडवला की फुगतो. पाणी थरांच्या मध्ये शिरतं, थर लांब सरकतात आणि फट रुंदावते. त्याच मंडळींनी २०१४ मध्ये मोजलं तर पाण्यातल्या पडद्यातून साधारण ०.९ नॅनोमीटरपर्यंतचे कण पार होत होते, आणि मिठातला सोडियम त्याच्या भोवतीच्या पाण्याच्या वेष्टनासकट धरला तरी ०.७२ नॅनोमीटरचा. म्हणजे मीठ सरळ पलीकडे. म्हणूनच कितीतरी प्रयोगांत मिठाऐवजी रंग गाळून दाखवतात, रंगाचा रेणू मोठा असतो, तो अडकतो, खालचं पाणी स्वच्छ दिसतं आणि फोटो छान येतो. तो प्रयोग खोटा नाही, पण त्याला मीठ गाळलं म्हणू नये एवढंच माझं म्हणणं.

२०१७ मध्ये मँचेस्टरमध्येच यावर उपाय निघाला, पडदे इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदात घट्ट बसवले म्हणजे फुगायला जागाच नाही, आणि दुसऱ्या प्रकारात ग्रॅफीनचे तुकडे मिसळून फुगणं कमी केलं, त्यात मीठ ९७ टक्के अडलं. काम खरोखर मोठं आहे. पण गणित करून बघा, समुद्राच्या एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातले ९७ टक्के काढले तरी एक ग्रॅमच्या वर उरतात, म्हणजे अजून खारटच. आजच्या आरओ प्लँटमधले पॉलिअमाइड या प्लास्टिकचे पडदे ९९.५ टक्क्यांच्या वर मीठ अडवतात, तेही ५५ ते ७० बार दाब झेलून (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब), आणि ते वर्षानुवर्षं चालतात. मँचेस्टरच्या त्या प्रयोगात असा दाब लावलेलाच नव्हता. आणि पाणी भराभर जातं म्हणून वीज फुकट वाचेल असंही नाही, समुद्राच्या पाण्याचा स्वतःचा ऑस्मोटिक दाब, म्हणजे क्षारांमुळे गोडं पाणी उलट खाऱ्या बाजूला ओढलं जातं तो दाब, २७ बारच्या आसपास असतो, पडदा कुठलाही लावा, तेवढ्यावर मात करावीच लागते.

एक आमच्याकडचं सांगते. एकाच बाटलीतल्या द्रावणातून दोन पडदे केले, एक टेफ्लॉनच्या फिल्टरवर, एक अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या. दोन्ही पाण्यात ठेवले. सकाळी येऊन बघते तर पहिल्याचे तुकडे बीकरमध्ये तरंगतायत आणि दुसरा जसाच्या तसा. धुण्यात चूक झाली असं समजून मी तीन महिने परत परत धूत बसले. मग नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं २०१५ चं काम वाचनात आलं, त्या फिल्टरमधूनच अॅल्युमिनियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटतात आणि थरांना एकमेकांशी बांधून ठेवतात! म्हणजे त्याआधी कित्येकांनी पडदा पाण्यात टिकतो असं लिहिलं, त्यात फिल्टरचा हात होता आणि कुणाच्या लक्षात नव्हतं. इतक्या बारीक गोष्टीवर हे सगळं उभं आहे.

म्हणून विनंती अशी की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर छापण्याआधी त्या संशोधकांना विचारा, गाळलं ते मीठच का रंग, दाब किती होता, पडदा नखाएवढा होता का टेबलाएवढा, आणि पाण्यात किती दिवस ठेवून बघितला. बातमी दोन ओळींनी वाढेल, वाढू दे. हे काम करणारे लोक ही उत्तरं आनंदाने देतील, कारण आमचा सगळा वेळ याच प्रश्नांत जातो, आणि वाचकांना हे समजत नाही असं मला अजिबात वाटत नाही. माझ्या आईला फुगण्याची गोष्ट सांगितली तर तिने लगेच विचारलं, मग ते थर शिवता येत नाहीत का? तेच तर करतोय. अॅल्युमिनियमने बांधलेला आमचा नवा पडदा आज एकविसाव्या दिवशीही मिठाच्या पाण्यात आहे, कडा अजून सुटलेल्या नाहीत, दाबाखाली मात्र तो अजून लावायचाय.

आपली,
एक वाचक